मॅडम म्हणाल्या, ‘असेसमेंट करून आणा’

ताई,
माझा मुलगा साडेआठ वर्षांचा आहे. आम्ही मानेवाड्याला राहतो. तो जवळच्याच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत आहे. तोंडी विचारलं तर त्याला सगळं येतं. गोरेवाड्याची सफारी पाहून आला, तर अस्वल कुठे बसलं होतं, गाडी किती वाजता निघाली, हे आठ दिवस सांगत होता. पण वही उघडली की रडारड. डिक्टेशनच्या दिवशी सकाळी पोट दुखतं. वर्गात जागेवर बसत नाही, शेजारच्याच्या पेन्सिली ओढतो, अशी तक्रार असते. दिवाळीनंतरच्या पालकसभेत मॅडम म्हणाल्या, “याचं सायकॉलॉजिकल असेसमेंट करून रिपोर्ट आणा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघावी लागेल.” सासरे म्हणतात, पोट्टं लाडावलं आहे, दुसरं काही नाही. मिस्टरांना भीती वाटते की एकदा शिक्का बसला की जन्मभर पुसला जाणार नाही. ट्यूशनच्या बाईंनी बोटांच्या ठशांची टेस्ट सुचवली आहे. आणि मला रात्री झोप येत नाही. मी नोकरी करते, म्हणून तर हे झालं नसेल ना? काय करू?
– एक आई, नागपूर

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो डोक्यात असला की बाकीचं नीट ऐकू येत नाही. आईच्या नोकरीमुळे मुलाला वाचता-लिहिता न येण्याची अडचण निर्माण होत नाही. वाचन-लेखनातली अडचण असो की अतिचंचलता, या गोष्टी मेंदूच्या घडणीशी निगडित असतात आणि बऱ्याचदा घराण्यात चालत आलेल्या असतात. तुम्ही चोवीस तास घरी असता तरी त्याला डिक्टेशनचा दिवस तेवढाच जड गेला असता. आज रात्री हे वाक्य पुन्हा वाचा आणि झोपा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तपासणी करायची का? हो, करायची. पण शाळेला रिपोर्ट हवा आहे म्हणून करू नका. तुमचा स्वतःचा एक प्रश्न घेऊन जा: “हा इतकं छान बोलतो, मग लिहिताना कुठे अडतो, आणि त्यासाठी आम्ही घरी नि शाळेत काय करायचं?” गेली अनेक वर्षं मी पालकांबरोबर हे रिपोर्ट वाचत आले आहे. ज्यांनी प्रश्न घेऊन तपासणी केली त्यांच्या हाती काहीतरी लागलं. जे फक्त रिपोर्ट आणायला गेले, त्यांच्या हाती एक आकडा आला आणि पुढे घरात त्या आकड्यावरून भांडणं झाली.

अपॉइंटमेंट घेण्याआधी दोन-तीन आठवडे एक काम करा. त्याच्या वह्या फेकू नका, खाडाखोड केलेल्या तर अजिबात नाही. त्या घेऊन बसा आणि चुका नुसत्या मोजण्याऐवजी त्यांची जात ओळखा.

समजा, त्याने मराठीच्या वहीत ‘दिवस’ हा शब्द ‘दीवस’ असा लिहिला. ही ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे. ती तुम्ही करता, मी करते, दुकानांच्या पाट्याही करतात. तिच्यावर वेळ घालवू नका. पण त्याच पानावर ‘दिवस’ एकदा ‘दवस’ आणि एकदा ‘दिसव’ असा लिहिलेला असेल, तर थांबून बघा. वेलांटी गळणं, अक्षरांचा क्रम उलटणं आणि तोच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिणं ही वेगळी खूण आहे. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी लिहिताना आधी येते आणि बोलताना व्यंजनाच्या नंतर येते. आवाज आणि चिन्ह यांची सांगड घालायला ज्याला कष्ट पडतात, ते लेकरू इथे हमखास ठेचकाळतं. तसंच ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘ब’ आणि ‘व’. त्याने फळ्यावरचं पाहून उतरवलेलं आणि ऐकून लिहिलेलं, दोन्ही शेजारी ठेवून बघा. पाहून बरोबर आणि ऐकून गोंधळ असेल, तर ते लिहून ठेवा. उलट असेल तर तेही लिहा, आणि डोळ्यांच्या तपासणीची घाई करा.

गणिताचं एक सांगते, कारण इथे पालक उगाच घाबरतात. आजोबांनी ‘त्रेसष्ट’ म्हटलं आणि त्याने ३६ लिहिलं, तर लगेच छातीत धस्स होऊ देऊ नका. मराठीत आपण एकक आधी बोलतो, दशक नंतर. त्रे आणि मग साठ. त्याची शाळा इंग्रजीत साठ आधी आणि तीन नंतर म्हणते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या ‘साठ तीन’ अशाही वाचायला दिल्या होत्या, त्यामागे हीच अडचण होती, आणि तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. दोन भाषांत दोन तऱ्हांनी संख्या ऐकणारं मूल अशी चूक करतंच. पण इंग्रजीत सांगूनही तो आकडे उलटे लिहीत असेल, किंवा तिसरीत आल्यावरही सात अधिक पाच दरवेळी बोटांवर पहिल्यापासून मोजत असेल, तर ते नोंदवा.

आणि त्याला मराठी वाचता येतं का, हे मला तुमच्या पत्रातून कळलं नाही. इंग्रजी शाळेतही त्याला मराठी विषय आहे, म्हणजे तुलना करायला साधन घरातच आहे. दुसरीचं मराठीचं पुस्तक आणून त्याला एक सोपा धडा मोठ्याने वाचायला द्या. तुम्ही फक्त ऐका, सुधारू नका. मराठी सुरळीत वाचत असेल आणि फक्त इंग्रजीत अडखळत असेल, तर आधी शिकवण्याकडे आणि सरावाकडे बघावं लागेल. इंग्रजीचं स्पेलिंग तसंही लहरी आहे. पण दोन्हीकडे तोच झगडा असेल, तर तपासणी लांबवू नका.

आता डोळे आणि कान. पालकांना हे नेहमी क्षुल्लक वाटतं. शाळेत कॅम्पमध्ये तक्ता वाचून घेतला होता, तेवढं पुरेसं नाही. नेत्रतज्ज्ञाकडे बाहुली मोठी करणारे थेंब टाकून नंबर तपासून घ्या, आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, करून घ्या. तो रात्री घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञालाही दाखवा. नाकामागच्या वाढलेल्या गाठींमुळे झोप मोडते, आणि झोप न झालेलं मूल दिवसा पेंगतंच असं नाही, बऱ्याचदा उलट उड्या मारतं. बालरोगतज्ज्ञ रक्त तपासतील तेव्हा हिमोग्लोबिन बघा, आणि आपल्याकडे विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे, तर त्याची तपासणी कधी झाली नसेल तर तीही उरकून घ्या. वर्गात तो मध्येच काही सेकंद टक लावून थिजल्यासारखा होतो का, हाक मारली तरी ऐकत नाही असं होतं का, हे मॅडमना नक्की विचारा. तो फिटचा एक प्रकार असू शकतो आणि त्याला औषध आहे.

बोटांच्या ठशांच्या टेस्टबद्दल एकच सांगते: पैसे देऊ नका. ठशांवरून बुद्धी, स्वभाव किंवा करिअर कळतं याला शास्त्रीय आधार नाही. रंगीत आलेखांची जाडजूड फाइल मिळते, आणि त्यात तुमच्या मुलाला का वाचता येत नाही याचं उत्तर नसतं.

मग जायचं कुठे? मानसशास्त्रीय चाचण्या घेण्याचं काम क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेत म्हणजे आरसीआयमध्ये नोंदणी लागते. नोंदणीचा क्रमांक विचारा, त्यात संकोच करू नका. हा क्रमांक आरसीआयच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. चांगली व्यक्ती हा प्रश्न ऐकून रागावत नाही. वाचन-लेखनाच्या चाचण्यांसाठी बरोबर स्पेशल एज्युकेटर, म्हणजे शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना शिकवणारे शिक्षक, असतील तर उत्तम. नागपुरात सरकारी वाटाही आहेत. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या बालरोग व मनोविकार विभागांत विचारा. मिहानमधल्या एम्समध्ये विचारा. दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र, ज्याला सगळे सीआरसी म्हणतात, तेही नागपुरात आहे. सरकारी ठिकाणी पहिल्या दिवशी फक्त केसपेपर आणि बोलणं होईल, चाचण्यांची तारीख पुढची मिळेल. दोन-चार चकरा धरून चाला. आणि कुणी तासाभरात सगळं करून संध्याकाळी रिपोर्ट देतो म्हणालं, तर तिथून परत या.

चाचणीच्या खोलीत काय होतं, हे पालकांना कुणी नीट सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमच्याशी बरंच बोलणं होईल. गरोदरपण, बाळंतपण, तो पहिलं पाऊल कधी टाकू लागला, पहिला शब्द कधी, ताप-फिट-मार असं काही, शाळा किती बदलल्या, घरात कोण कोण. मग त्याला आत नेतील, तुम्ही बाहेर. बुद्धिमापन चाचणीत काही प्रश्न तोंडी असतात: शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींत सारखं काय, आकडे ऐकून सरळ आणि उलटे म्हणणं. काही हातांनी करायचे: रंगीत ठोकळ्यांची नक्षी जुळवणं, चित्रात काय नाही ते ओळखणं, खुणा भराभर उतरवणं. मग वाचन, लेखन, गणित यांच्या वेगळ्या चाचण्या. वागण्याबद्दल एक प्रश्नावली तुम्ही भराल आणि एक वर्गशिक्षिका भरतील. अतिचंचलतेचं निदान फक्त शाळेच्या तक्रारीवरून किंवा फक्त घरच्या अनुभवावरून करता येत नाही. लक्षणं एकाहून जास्त ठिकाणी आणि किमान सहा महिने दिसावी लागतात. म्हणून मॅडमकडून ती प्रश्नावली मनापासून भरून घेणं हे तुमचं एक मोठं काम आहे.

नागपूरकर म्हणून तुम्हाला एक सांगावंसं वाटतं. भारतात मुलांसाठी वर्षानुवर्षं वापरली जाणारी एक बुद्धिमापन चाचणी आपल्या गावात घडली. डॉ. आर्थर मालिन यांनी इथे राहून अमेरिकेतली वेक्सलर चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली. तिला मालिनची चाचणी किंवा मिसिक म्हणतात. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी ती वापरतात. मुलाची रोजच्या व्यवहारातली समज मोजणारी व्हाइनलँडची जी मापनश्रेणी आहे, तिचं त्यांनी केलेलं रूप आजही ‘नागपूर रूपांतर’ या नावाने ओळखलं जातं. परदेशी मुलाला विचारलेला प्रश्न आपल्या मुलाला जसाच्या तसा विचारणं अन्याय आहे, हे त्यांनी त्या काळात ओळखलं. याचा मला अभिमान आहे. आणि याच कारणासाठी मी हेही सांगते की ती चाचणी १९६० च्या दशकातली आहे. त्या काळच्या मुलांवर ठरवलेली मापं आजच्या मुलाला लावताना तपासणाऱ्याने भान ठेवायला हवं. त्यांच्याकडे नवी चाचणी असेल तर ती का निवडली नाही, असं विचारायला हरकत नाही.

भाषेचा मुद्दा याहून महत्त्वाचा. तुमचा मुलगा घरी मराठी बोलतो, खाली खेळायला गेला की हिंदी, शाळेत इंग्रजी. नागपूरची बहुतेक लेकरं अशीच तीन भाषांत वाढतात. मग त्याची बुद्धी कुठल्या भाषेत मोजायची? ज्या भाषेत तो विचार करतो, त्या भाषेत. तुम्ही बाहेर बसण्याआधी हे स्पष्ट सांगा: “तो मराठीत जास्त मोकळा आहे, प्रश्न मराठीत विचारा, आणि त्याने हिंदीत उत्तर दिलं तरी धरा.” घरची बोलीही सांगा. समजा एखाद्या मुलाने ‘गंज’ म्हणजे भात शिजवायचं भांडं असं सांगितलं. विदर्भाबाहेरून आलेल्या, लोखंडाचा गंजच माहीत असलेल्या परीक्षकाला ते चूक वाटेल. आपल्या घरात ते शंभर टक्के बरोबर आहे. वाचन-लेखन मात्र दोन्ही भाषांत तपासायला सांगा. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने वाचनदोष तपासायची साधनं हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केली आहेत. बंगळुरूच्या निम्हान्सची चाचणीमाला तर सगळीकडे वापरतात. तेव्हा “मराठीत काही नसतंच” असं कुणी म्हटलं तर मान हलवू नका.

एका मुलीची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही. खेड्यातून शहरात आलेली, वय नऊ. मे महिन्यात, भर दुपारी, बंद पडलेल्या कूलरसमोर तिची चाचणी झाली, तीही इंग्रजीत. बुद्ध्यंकाचा आकडा आला ७४. आईवडिलांनी तिला शाळेतून काढायची तयारी केली. मी रिपोर्ट वाचत होते, तर तिसऱ्या पानावर “तो चटकन रागावतो” असं वाक्य, आणि खाली दुसऱ्याच मुलाचं नाव. जुन्या रिपोर्टवर नवा रिपोर्ट चढवला होता. पुढच्या वर्षी थंडीत, सकाळी, मराठीत पुन्हा तपासणी झाली. बुद्धी सर्वसाधारण निघाली आणि वाचनाची अडचण स्पष्ट दिसली. त्या मुलीचं मधलं एक वर्ष गेलं. म्हणून मी तुम्हाला सांगते: रिपोर्ट हातात आला की आधी नाव, जन्मतारीख आणि चाचणीची भाषा तपासा. मग त्याच्या वागण्याबद्दलची वाक्यं वाचा. तुमचंच लेकरू त्यात दिसतं का, ते बघा. दिसत नसेल तर तिथल्या तिथे विचारा.

तुमच्याकडे वेळ आहे. डिसेंबर-जानेवारीतली सकाळची वेळ मागा. उन्हाळ्यावर टाकू नका. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते, तोवर तपासणी होऊन मदत सुरूही झालेली असेल.

आकड्याबद्दल. बुद्ध्यंकाची सरासरी १०० धरलेली असते आणि साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये असतात. कुठल्याही चाचणीत चार-पाच गुण इकडे-तिकडे होतात, मूल जेवून आलं होतं की नाही यानेही फरक पडतो. तुमच्या मुलासारख्या मुलांमध्ये एकूण आकड्यापेक्षा आतली तफावत जास्त बोलते. शब्दांचे अर्थ सांगण्यात उंच आणि भराभर उतरवण्यात खोल, असं चित्र आलं, तर गोरेवाड्याचं अस्वल आठ दिवस सांगणारा मुलगा पाच ओळी का लिहू शकत नाही, हे तुम्हाला तिथेच कळेल. रिपोर्ट समजावून घ्यायला वेगळी बैठक मागा, मिस्टरांना घेऊन जा, आणि एकूण आकडा शेवटी विचारा.

इथे मला एक खंत बोलून दाखवू द्या. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे वाचन-लेखन-गणितातल्या अडचणीच्या, चाचणीकडे जाण्यासाठी बुद्ध्यंक ८५ च्या वर लागायचा; २०२४ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या, तेव्हा आजचा नियम तपासणाऱ्यांना विचारा. ज्याचा ८६ आला त्याला वाट मिळायची, ज्याचा ८३ आला ते मूल ना इकडचं ना तिकडचं. खरं तर त्यालाही तेवढीच मदत हवी असते. अशी मुलं मी खूप पाहिली. तुमच्या मुलाचं वर्णन वाचून ती वेळ येईल असं वाटत नाही, पण आलीच, तर मदत बंद करू नका. प्रमाणपत्र मिळालं नाही म्हणून वाचायला शिकवायचं थांबत नाही.

शाळेकडे वळू. “रिपोर्ट आणा, नाहीतर दुसरी शाळा बघा,” हे त्यांना म्हणता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता हा २१ प्रकारांपैकी एक आहे, आणि मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य ते उपाय करणं ही शाळेची जबाबदारी आहे, असं त्यात लिहिलं आहे. आत्ता सांगितलेल्या २०१८ च्या सूचना तर म्हणत होत्या की मूल आठ वर्षांचं होईपर्यंत किंवा तिसरीत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी प्राथमिक चाचपणी करावी, प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, समितीने पालकांशी बोलावं आणि मग मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावं. खासगी शाळाही त्यात आल्या होत्या. शिवाय शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही.

पण हा कायदा पहिल्याच भेटीत टेबलावर आपटू नका. त्या मॅडमच्या वर्गात पन्नास मुलं असतील आणि त्यांनाही कुणी काही शिकवलेलं नसेल. निदान त्यांना काहीतरी वेगळं आहे असं दिसलं, हेही कमी नाही. दोन ओळींचं पत्र द्या: “आपण सुचवल्याप्रमाणे आम्ही तपासणी करून घेत आहोत. शाळेच्या समितीने केलेली प्राथमिक चाचपणी आणि वर्गशिक्षिकांची निरीक्षणं लेखी द्यावीत, म्हणजे तज्ज्ञांना उपयोग होईल.” पोच घ्या. बहुतेक ठिकाणी या पत्रानंतर बोलण्याचा सूर बदलतो. नाही बदलला, तर मग कायद्याची कलमं काढा.

रिपोर्ट तुमचा आहे. तो जसाच्या तसा शाळेला द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. घरातल्या गोष्टी, तुमच्या नवराबायकोतले ताण, असं बरंच काही त्यात लिहिलेलं असतं. सायकॉलॉजिस्टना शाळेसाठी एक पान वेगळं मागा: अडचण काय, आणि वर्गात काय करायचं. त्या पानावर “अभ्यासाकडे लक्ष द्यावे” असली वाक्यं नकोत. पहिल्या बाकावर बसवावं, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद द्यावा, स्पेलिंगचे गुण कापू नयेत, परीक्षेत काही उत्तरं तोंडी घ्यावीत, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नये, इतकं नेमकं हवं.

मिस्टरांच्या भीतीचं उत्तरही यातच आहे. तपासणी केली म्हणून कुठल्याही सरकारी दप्तरात नाव चढत नाही. पुढे नोकरी देणाऱ्याला ते दिसत नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे, तुम्ही अर्ज केला तरच ते मिळतं. २०१८ च्या सूचनांप्रमाणे ते आठ वर्षांनंतर द्यायचे, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासायचे; आजचा नियम अर्ज करताना विचारून घ्या. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती घ्यायच्या असतील तेव्हा ते लागेल. त्याचा निर्णय आज करायची गरज नाही.

पण मला वाटतं, त्यांच्या भीतीचं मूळ कागदात नसावं. एखाद्या रात्री मुलगा झोपल्यावर त्यांना हळूच विचारा, तिसरी-चौथीत त्यांचं स्वतःचं कसं चाललं होतं. मी सुरुवातीलाच लिहिलं की हे घराण्यात चालत येतं. चांगली नोकरी करणारे, हिशेबात पक्के बाप माझ्यासमोर बसून सांगतात की फळ्यासमोर उभं केलं की पाय कापायचे, गुरुजींची छडी अजून आठवते. कुणाला कधी सांगितलेलं नसतं, बायकोलाही नाही. तसं काही निघालं, तर समजावायची वेळच येणार नाही. तेच अपॉइंटमेंट घेतील.

सासऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना काम द्या. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं नातवाला गोष्ट वाचून दाखवायची. त्याने वाचायचं नाही, फक्त ऐकायचं, आवडलं तर बोटाने ओळ धरायची. यासाठी रिपोर्टची वाट बघायला नको. ऐकून त्याचं शब्दभांडार वाढत राहील, नाहीतर वाचता न येणारी मुलं हळूहळू माहितीतही मागे पडतात. आणि आजोबांनाही शेजारी बसून दिसेल की नातू किती लक्ष देऊन ऐकतो. आळशी मूल असं ऐकत नाही. ट्यूशनचा एक तास मात्र कमी करा. जे शाळेत सहा तास जमलं नाही तेच संध्याकाळी पुन्हा करून घेणं म्हणजे दुखऱ्या पायाने आणखी पळवणं. त्याच पैशात पुढे आठवड्यातून दोन-तीनदा स्पेशल एज्युकेटर ठेवता येतील.

राहिला तुमचा मुलगा. त्याला काय सांगणार? “डॉक्टरकाकूंकडे खेळायला जायचंय” असं सांगू नका, तो साडेआठचा आहे, त्याला कळतं. घाबरवूही नका. आणि इंटरनेटवरून चाचणीचे प्रश्न शोधून घरी सराव तर मुळीच घेऊ नका, त्याने आकडा फुगेल आणि उत्तर चुकेल. आदल्या रात्री त्याला जवळ घेऊन साधं सांगा: “तुला बोलायला छान येतं आणि लिहिताना त्रास होतो, हे मला माहीत आहे. तो त्रास कुठून होतो, ते उद्या एक ताई शोधणार आहेत. काही प्रश्न सोपे असतील, काही मोठ्या मुलांचे असतील. मोठ्यांचे नाही आले तरी चालतं. दमलास तर त्यांना सांग, त्या थांबतील.” सकाळी पोटभर खायला घाला. चष्मा लागला असेल तर तो, पाण्याची बाटली, मधल्या वेळचा डबा आणि त्या सगळ्या वह्या पिशवीत घ्या. बाहेर आल्यावर “किती आलं?” असं विचारू नका. तो आधी काय बोलतो, ते ऐका, आणि घरी येऊन लिहून ठेवा. रिपोर्टच्या बैठकीत ते ताईंना सांगायचं आहे.